लाहूलची लोकर, रंग आणि सुया

हिमालयातील लोकरीच्या कामाचा विचार करताना मागावरचे विणकाम आणि सुयांवरचे विणकाम यांत प्रथम भेद केला पाहिजे. मराठीत दोहोंना ‘विणणे’ हेच क्रियापद चालते, त्यामुळे हा भेद सहसा ध्यानात येत नाही. मागावर ताणा आणि बाणा काटकोनात एकमेकांना छेदतात. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत ओवले जातात. मागाचे कापड ताठ असते. सुयांचे ताणले जाते आणि सोडताच मूळ आकाराला येते. घोंगडी, पट्टू, शाल ही मागाची अपत्ये, तर मोजे आणि हातमोजे सुयांची. घोट्याला आणि बोटांना नेमके बसेल असे वस्त्र मागावर निघत नाही.

हिमाचल प्रदेशात माग फार जुना आहे. लाहूलच्या खोऱ्यात सुया मात्र बाहेरून आल्या, आणि त्या कशा आल्या हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोरेव्हियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी केलाँग येथे ठाणे उभारले. त्यांपैकी ऑगस्ट विल्हेल्म हायडे यांच्या पत्नी मारिया हायडे १८५९ मध्ये तेथे आल्या आणि पुढे सुमारे चार दशके राहिल्या. त्यांनी स्थानिक स्त्रियांना व मुलींना मोजे विणण्यास शिकविले. मिशनच्या धर्मकार्याला लाहूलमध्ये फारसे यश लाभले नाही; सुयांना मात्र लाभले. त्याचे कारण उघड आहे. ३,९७८ मीटर उंचीवरील रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की जवळजवळ अर्धे वर्ष खोरे जगापासून तुटत असे. लोकर घरात होती, थंडी दारात होती आणि वेळही भरपूर होता. शिवाय सुयांना मागासारखी जागा अडवून ठेवावी लागत नाही. चुलीशेजारी बसूनही काम चालते.

या खोऱ्यात पाऊस थोडा पडतो. म्हणून चंबा-कांगड्याकडचे गद्दी मेंढपाळ पावसाळ्यात आपले कळप उंच खिंडी ओलांडून लाहूलच्या कुरणांत आणतात आणि शरद ऋतूत परततात. पहाडी मेंढीची लोकर ऑस्ट्रेलियन मेरिनोइतकी मऊ नसते. हा दोष म्हणून सांगितला जातो, परंतु तो अर्धाच दोष आहे. गळ्याशी टोचणारी लोकर पायातल्या जाड मोज्याला चांगली असते, कारण मेरिनोपेक्षा ती घर्षणाला अधिक काळ दाद देत नाही. उलट महाराष्ट्रातील धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर इतकी राठ असते, की तिला घोंगडीच शोभते.

कातरलेल्या लोकरीत मेद, घाम आणि माती असते. मेद पुरता निघाला नाही तर रंग आत शिरत नाही. मात्र धुताना गरम पाण्यातून एकदम थार पाण्यात टाकले किंवा जोराने चोळले, तर तंतूंवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होऊन बसतो. धुतलेली लोकर पिंजून टकळीवर कातली जाते. मग दोन पदर उलट दिशेने पिळून सूत बनते आणि त्याच्या लडी रंगविण्यास तयार होतात.

वनस्पतिजन्य रंगांपैकी अक्रोडाच्या हिरव्या टरफलाचा तपकिरी रंग सर्वांत सोपा. त्याला रंगबंधक लागत नाही. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग पक्का व्हायचा तर तुरटी हवी. साधारणतः एक किलो कोरड्या लोकरीला शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी पुरते. लडी त्या पाण्यात मंद आचेवर तापवून तशाच निवू देतात आणि मग मंजिष्ठेच्या काढ्यात सोडतात. रेवंदचिनीच्या मुळांपासून पिवळा मिळतो. निळीची रीत अगदी निराळी. ती पाण्यात विरघळत नाही; प्राणवायू काढून घेतलेल्या कुंडात ती पिवळसर होऊन तंतूत शिरते आणि लडी हवेत येताच डोळ्यांदेखत हिरवी, मग निळी होते. पण नीळ लाहूलमध्ये पिकत नाही. ती मैदानातूनच यायची. ‘सारे काही स्थानिक’ या घोषणेला येथे थोडी मुरड घालावी लागते. तसेच वनस्पतीचा रंग म्हणजे निरुपद्रवी रंग, हेही खरे नव्हे. क्रोमियमचे क्षार रंगबंधक म्हणून वापरले तर सांडपाणी विषारी होते, लोहाचा अतिरेक झाला तर लोकर ठिसूळ बनते, आणि वृक्षविरळ खोऱ्यात तासन्‌तास जळणारे सरपण ही किंमतच असते.

एका जोडीचे सारे सूत एकाच भांड्यात रंगवावे लागते. दुसऱ्या खेपेस तीच छटा येईल याची शाश्वती नसते. मोजा चार सुयांवर फासे विभागून पाचव्या सुईने गोलाकार विणतात, म्हणजे शिवण राहत नाही. टाच वळविण्यासाठी काही ओळी मागेपुढे विणाव्या लागतात, आणि बोटांकडे टाके कमी करीत नेतात. नक्षीसाठी दोन रंग एकाच ओळीत चालतात. जो रंग त्या घटकेस वापरात नसतो, त्याचा धागा आतल्या अंगाने पुढे सरकतो. परिणामी नक्षीचा भाग दुपदरी होतो व अधिक ऊब देतो. लाहूलच्या मोज्यावरील रंगीत पट्टे केवळ शोभेसाठी असतात असा समज करून घेणे म्हणूनच चुकीचे आहे. आतला धागा आवळला मात्र, की मोजा टाचेवरून चढतच नाही.

इतकी सारी मेहनत बाजारात गिरणीच्या ॲक्रिलिक सुताशी तोलली जाते. ते स्वस्त असते, रंग प्रत्येक वेळी तोच येतो आणि कातण्या-रंगविण्याचे श्रम वाचतात. विणणारीने त्याकडे वळावे यात तिला दोष देता येणार नाही. पिंजण्या-कातण्याचे दिवस ग्राहक किमतीत धरीत नाही, हा खरा पेच आहे. २०२१ मध्ये लाहुली मोजे व हातमोजे यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. तिने नावाचे रक्षण होते. टकळीच्या श्रमाला दर मिळवून देणे तिच्या आवाक्यात नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही ग्राहकाला केलाँगपर्यंत पोचणे सुलभ झाले आहे, आणि गिरणीच्या सुतालाही. दुकानात दोन्ही जोड्या शेजारी मांडलेल्या असतात. संशय आल्यास सुताचा एक तुकडा जाळून पाहावा : लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण काळा मणी होतो.