तामार गप्प नव्हती

शास्त्रभाग : २ शमुवेल १३:१–२२



हा अध्याय उपासनेत सहसा वाचला जात नाही. समोर मुले बसलेली असतात, त्यामुळे पाळकांचा संकोच समजण्यासारखा आहे. पण पावसाळ्यात आपल्या कामातील काही पाड्यांचा रस्ता तुटतो, तेव्हा मला २०२० ची टाळेबंदी आठवते. म्हणून या अंकासाठी हाच पाठ घेतला आहे.

घटना राजाच्या कुटुंबात घडते. अम्नोन आजाराचे सोंग घेतो. दावीद त्याला भेटायला येतो आणि त्याच्याच निरोपावरून तामार भावाच्या घरी खायला करून द्यायला जाते. आजाऱ्याची सेवा, भावाचे घर, वडिलांची आज्ञा, यात भिण्यासारखे काय होते? मग अम्नोन सगळ्यांना बाहेर जायला सांगतो. संकट बाहेरून चालून आले नाही. पाहणारी माणसे निघून गेली, तेव्हा ते सुरू झाले.

२५ मार्च २०२० पासून देशभर पाहणारी माणसे अशीच निघून गेली. घरी राहण्याचा सल्ला साथीसाठी योग्यच होता, पण मारणारा घरातच असलेल्या बाईचे काय? राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. ते चांगलेच झाले. मात्र पाड्यावर फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि रेंज टेकडीवर.

तिचा आधार वेगळाच असतो, तो म्हणजे आठवडे बाजार. तिथे माहेरची माणसे भेटतात, सुजलेला डोळा आईला दिसतो, भाऊ दुसऱ्या दिवशी येऊन जातो. बाजार बंद झाला, एस.टी. थांबली, शाळा आणि आपल्या प्रार्थनासभाही थांबल्या. वीटभट्टीवरून पुरुष रिकाम्या हाताने परतले. त्यात तो मोहाच्या फुलांचा हंगाम, म्हणजे शहरातले दुकान बंद असले तरी घरात दारू होतीच. (दारू हे मूळ कारण आहे असे मला वाटत नाही. पिऊन आलेला माणूस सरपंचावर हात उचलत नाही, बायकोवर उचलतो.)

आता तामारेकडे पाहा. ती नकार देते, त्याला समजावते, परिणाम सांगते. नंतर झगा फाडून, डोक्यावर राख घालून, रस्त्याने मोठ्याने रडत जाते. ती गप्प नव्हती, तिला गप्प बसवले गेले. विसाव्या वचनात अबशालोम तिला सांगतो की तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. एकविसाव्या वचनात दावीद खूप संतापतो, आणि त्या संतापापुढे काहीच करत नाही. पुढे अबशालोमाने सूड घेतला खरा, पण तामारेला काय हवे होते ते कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही.

आपल्या मंडळ्यांत अबशालोमाचे बोलणे वेगळ्या शब्दांत ऐकू येते : सहन कर, प्रार्थना कर, संसार मोडू नकोस. मलाखी २:१६ तिला ऐकवले जाते, तेही अर्धेच. त्याच वचनात देवाने हिंसेचाही धिक्कार केला आहे, तो भाग नवऱ्याला कोणी वाचून दाखवत नाही.

एखादी बहीण सांगू लागली, तर आधी ऐकावे आणि विश्वास ठेवावा. त्याच संध्याकाळी नवऱ्याला बोलावून दोघांची समोरासमोर समजूत घालू नये, कारण सभा संपल्यावर तिला त्याच्याबरोबरच घरी जायचे असते. फोनवर बोलताना जवळ कोणी आहे का ते आधी विचारावे आणि "हो" किंवा "नाही" एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न करावेत. आधार कार्ड, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याच्या प्रती तिच्या विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवता येतात. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, तेव्हा जायचे की नाही आणि कधी, हे तिनेच ठरवावे.

कायद्याविषयीही थोडे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातील कलम ४ प्रमाणे शेजारी, आशाताई, पाळक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याचे कायदेशीर दायित्व येत नाही. घर तिच्या नावावर नसले तरी तिथे राहण्याचा तिचा हक्क कलम १७ मध्ये आहे. महिलांना आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणजे आपली आदिवासी बहीण दोन्ही अर्थांनी पात्र आहे. विधी सेवेचा क्रमांक १५१००, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, सल्ला आणि काही दिवसांचा निवाराही मिळतो.

गटात बोलण्यासाठी : तामार रडत गेली त्या रस्त्यावर आपले घर असते, तर आपण दार उघडले असते का? आणि दुसरे, आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोठे बसतात, हे कोणाला ठाऊक आहे? ठाऊक नसेल, तर पुढच्या सभेआधी एकाने तिथे जाऊन चौकशी करून यावे.