नेट नेमकं कुठे अडलंय?

नेट मंदावलं की बहुतेक जण स्पीड टेस्ट लावतात. त्यातून वेग कळतो, पण दोष घरात आहे की बाहेर, हे कळत नाही. त्यासाठी जवळून सुरुवात करून एकेक पाऊल लांब जावं.

साहित्य: विंडोजचा लॅपटॉप, एक लॅन केबल आणि वायरशार्क हा पॅकेट टिपणारा मोफत प्रोग्रॅम.

१. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या. 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसणारा पत्ता (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१) म्हणजे तुमचा राउटर.

२. त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे 'पिंग' या कमांडपुढे तो पत्ता टाका. विंडोज चारच पॅकेट पाठवून थांबतं आणि तेवढ्यावर निदान होत नाही. म्हणून शेवटी '-t' हा पर्याय जोडून काही मिनिटं चालू द्या, थांबवायला कंट्रोल-सी. मिलिसेकंदांचे आकडे ३, ४, ३ असे येता येता एकदम ४०० झाले किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं, तर दोष घरातच आहे. आता केबल लावून पुन्हा बघा. केबलवर आकडे स्थिर आले, तर गुन्हेगार वायफाय. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांवर अख्ख्या सोसायटीचे राउटर बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्‌झवर जा.

३. राउटर ठीक असेल तर ८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. इथून उत्तर येतं, पण साइट नावाने उघडत नाही, असं असेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, तपासा. 'एनएसलुकअप'पुढे साइटचं नाव टाका. पत्ता परत आला नाही, तर राउटरमधला डीएनएस सर्व्हर बदलून बघा.

४. आता 'ट्रेसर्ट'पुढे साइटचं नाव टाका. ही कमांड पहिल्या पॅकेटांना एकाच टप्प्याचं आयुष्य देते, पुढच्यांना दोन, मग तीन. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. त्या निरोपांतूनच सगळा मार्ग उलगडतो. स्टीव्ह डीअरिंग यांनी सुचवलेली ही कल्पना व्हॅन जेकबसन यांनी प्रत्यक्षात आणली. ती सुंदर आहे, पण निकाल वाचताना भलेभले फसतात. मधल्याच एका ओळीत तारे किंवा मोठा आकडा दिसला आणि पुढच्या ओळी व्यवस्थित असल्या, तर तिथे बिघाड नाही. असे निरोप पाठवणं हे राउटरच्या लेखी बिनमहत्त्वाचं काम; काही राउटर ते उशिरा करतात, काही करतच नाहीत. आकडा एका टप्प्यावर चढला आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहिला, तरच संशय घ्या. तोही अंतर बघून: मुंबईहून युरोपातल्या सर्व्हरला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागणं स्वाभाविक आहे.

दोष घराबाहेर दिसला, तर नेट कंपनीला नुसतं 'स्लो आहे' सांगू नका. केबलवरून राउटरला आणि ८.८.८.८ला केलेले पिंग शेजारी ठेवून वेळेसह पाठवा. पहिलं स्वच्छ आणि दुसरं गळकं असेल, तर 'राउटर बंद करून चालू करा' या उत्तराला फारसा वाव उरत नाही.

५. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तरच वायरशार्क. कॅप्चर सुरू करा, अडणारं काम पुन्हा करा आणि लगेच थांबवा. 'स्टॅटिस्टिक्स'मधल्या 'कॉन्व्हर्सेशन्स'मध्ये बाइट्सनुसार क्रम लावला की लाइन कोण खातंय ते दिसतं. बरेचदा गुपचूप चाललेला क्लाउड बॅकअप सापडतो. 'ॲनालाइझ'मधल्या 'एक्स्पर्ट इन्फर्मेशन'मध्ये रिट्रान्समिशनचा ढीग दिसला, तर पॅकेट वाटेत हरवताहेत. लॅपटॉपवर मुख्यतः त्याचीच ये-जा दिसते; ऑफिसातली सगळी बघायची तर स्विचवर पोर्ट मिररिंग लावावं लागतं, आणि त्यासाठी परवानगी आधी घ्या. एचटीटीपीएसमधला मजकूर वाचता येत नसला, तरी भेट दिलेल्या साइटची नावं कॅप्चरच्या फाइलमध्ये बरेचदा असतात, तेव्हा ती मदतीसाठी कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.