समूहगीतांच्या ध्वनिमुद्रणास लयीच्या ठोक्यांची जोड

समूहगीत शिकविताना सूर चुकला तर शिक्षकाच्या तत्काळ ध्यानी येते. लय सुटली तर ती बरीच पुढे जाईपर्यंत ध्यानी येत नाही. पहिल्या कडव्यात संथ चालणारे गीत तिसऱ्या कडव्यात धावू लागते. धीट मुले पुढे निघून जातात, आणि ज्यांची जीभ शब्दांना अजून सरावलेली नाही ती मुले नुसते ओठ हलवीत उभी राहतात. गीत सर्व वर्गाचे न राहता चार-पाच मुलांचे होते. मागील रांगेतील मुलाचे तोंड उघडावे, हा या पाठाचा हेतू होय.

ठाणे-कल्याण परिसरास संगीत नवे नाही. कल्याण गायन समाज ही संस्था १९२६ सालची. पंडित राम मराठे (१९२४–१९८९) यांचे वास्तव्य ठाण्यात होते. शहरातील मैफलीत लय सांभाळण्यास तबलजी असतो आणि खेड्यातील भजनात पखवाज व टाळ असतात. परंतु शहापूर-मुरबाडकडील एखाद्या द्विशिक्षकी शाळेच्या परिपाठात तबलजी कोठून येणार? तेथे हाताशी असतो तो शिक्षकाचा मोबाइल आणि एक लहानसा ध्वनिवर्धक. एवढ्या साधनांवरही लयीची सोय करता येते.

लयमापक म्हणजे काय?

ठरावीक अंतराने ठोका देणाऱ्या यंत्रास मेट्रोनोम म्हणतात. आम्स्टरडॅम येथे विंकेल याने १८१४ च्या सुमारास लंबकाची एक युक्ती शोधली. तिच्यावर आधारलेल्या यंत्राचे पेटंट मेल्झेल याने १८१५ साली घेतले. मिनिटास किती ठोके पडतात, यावरून लय मोजली जाते.

हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येते. दोरीस दगड बांधून तो खिळ्यास टांगावा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ९९ सेंटिमीटर ठेवून अल्पसा झोका दिल्यास एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यास एक सेकंद लागतो. म्हणजे मिनिटास ६० ठोके झाले. अंतर सुमारे ४४ सेंटिमीटर केल्यास ९० आणि सुमारे २५ केल्यास १२० ठोके होतात. दगड लहान की मोठा, याने फरक पडत नाही. या प्रयोगाने संगीत व विज्ञान यांचा एकच पाठ होतो.

मुद्रणापूर्वी

प्रथम गीताची लय मोजावी. गीत सहजपणे म्हणत बोटांवर ३२ मात्रा मोजाव्या व लागलेले सेकंद पाहावे. २४ सेकंद लागल्यास ३२ गुणिले ६० भागिले २४, म्हणजे मिनिटास ८० मात्रा. लहान मुलांना श्वास पुरेल अशीच लय निवडावी.

येथे एक चूक हमखास होते. गीत आधी मोकळेपणाने गाऊन मुद्रित करावयाचे व ठोके मागाहून चिकटवावयाचे, असा सोपा मार्ग सुचतो. तो टाळावा. गायन मिनिटास ९२ मात्रांचे व ठोके ९० चे असल्यास केवळ १५ सेकंदांत अर्ध्या मात्रेचे अंतर पडते आणि ठोका नेमका दोन मात्रांच्या मध्ये पडू लागतो. अशा ठोक्याने मुलांची लय बसण्याऐवजी मोडते. म्हणून ठोके आधी तयार करावे व ते ऐकत गावे.

कृती

१. संगणकावर ऑडॅसिटी हा विनामूल्य कार्यक्रम उघडून ‘जनरेट’ या यादीतील ‘रिदम ट्रॅक’ निवडावा. मिनिटास किती ठोके व आवर्तनात किती मात्रा हे तेथे भरावे. दादऱ्यास ६ व केरव्यास ८ मात्रा लिहाव्या, म्हणजे समेचा ठोका वेगळा ऐकू येतो.

२. पहिले एक आवर्तन रिकामे सोडून गीत सुरू करावे. केव्हा सुरुवात करावयाची हे त्यामुळे मुलांस कळते.

३. ठोके कानात ऐकत गीत दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावे. कानातील यंत्र तारेचे असावे; बिनतारी यंत्रात आवाज किंचित उशिरा पोहोचतो. ठोके उघड्या ध्वनिवर्धकावर लावू नयेत, नाहीतर ते गीताच्या ट्रॅकमध्ये शिरतात आणि पुढे काढता येत नाहीत.

४. शेवटी एक्स्पोर्ट करावे, म्हणजे ऐकू येणारे सर्व ट्रॅक मिळून एक फाईल बाहेर निघते. जो ट्रॅक मूक केला असेल तो तीत उतरत नाही. पुष्कळ मोबाइल कार्यक्रमांत मुद्रणाच्या वेळी वाजणारा मेट्रोनोम केवळ गाणाऱ्यासाठी असतो व तयार फाईलमध्ये येत नाही. यास्तव ठोक्यांचा ट्रॅक स्वतंत्र असणे आवश्यक आहे.

तीन प्रती

ठोका हा मुलाच्या पांगुळगाड्यासारखा आहे. चालता येऊ लागले की तो सोडवावा लागतो. म्हणून एकाच मुद्रणाच्या तीन प्रती कराव्या. पहिल्या प्रतीत ठोके स्पष्ट असावे. दुसरीत मधली दोन आवर्तने गीत व ठोके दोन्ही बंद ठेवावे. मुलांनी न थांबता गात राहावे आणि आवाज परत येताच आपण बरोबर आहोत की नाही हे स्वतः पडताळावे. तिसरीत केवळ गीत असावे. राष्ट्रगीताची ठोक्यांची प्रत सरावापुरतीच वापरावी, समारंभात कदापि लावू नये. राष्ट्रगीतास सुमारे ५२ सेकंद लागावयास हवेत, हीच त्याच्या लयीची कसोटी होय.

मर्यादा

मैदानावर आणखी एक अडचण येते. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर दूर उभ्या असलेल्या रांगेस ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. ती मुले मागे पडतात हा त्यांचा दोष नव्हे. त्यांना रागे न भरता शिक्षकाने उंचावर उभे राहून हाताने ताल दाखवावा. हात मात्र सर्वांना एकाच क्षणी दिसतो. शिवाय यंत्र मात्रा मोजते, पण टाळी व खाली यांतील भेद सांगत नाही. तोही शिक्षकाच्या हातानेच दाखवावयाचा असतो.

स्वाध्याय

परिपाठातील एका गीताची लय मोजून तीन प्रती तयार कराव्या. आठ दिवसांच्या सरावानंतर ठोक्यांविना गीत म्हणवून घ्यावे आणि त्या वेळी शिक्षकाने मागील रांगेत जाऊन उभे राहावे. तेथील मुलांचा आवाज ऐकू येऊ लागला, म्हणजे पाठ साधला.