लिंक पाठवण्याआधी: तुमचं वेबपेज ग्राहकाच्या मोबाईलवर कसं दिसतं?



घरच्या घरी एक साधं एचटीएमएल पेज कसं बनवायचं, हे आपण व्हिडिओत पाहिलं. वर व्यवसायाचं नाव, मध्ये दिवाळी फराळाचे फोटो आणि दरपत्रक, खाली ऑर्डरचं बटण. लॅपटॉपवर क्रोममध्ये ते झकास दिसतंय. पण लगेच लिंक ग्रुपवर टाकू नका! दुकानात वजनकाटा चुकला तर गिऱ्हाईक भांडतं तरी. वेबपेजवर बटण चाललं नाही, तर ते न बोलता दुसरीकडे जातं. ऑर्डर का आली नाही, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

ब्राउझर वेगळा म्हणजे काय?

प्रत्येक ब्राउझरच्या आत पेज रंगवणारं एक इंजिन असतं. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांत ब्लिंक नावाचं एकच इंजिन आहे. फायरफॉक्सचं गेको, तर सफारीचं वेबकिट. त्यामुळे क्रोम आणि एज अशा दोन्हींत तपासलं, तरी इंजिन एकच तपासलं! आणखी एक गोष्ट: भारतात किंवा अमेरिकेत आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच चालतं. तुमचा फराळ मागवणारा मुलगा अमेरिकेत आयफोनवरून बघत असेल, तर वेबकिट तपासायलाच हवं. इंटरनेट एक्सप्लोररची काळजी मात्र सोडा, ते २०२२ मध्ये बंद झालं.

कुठे कुठे तपासायचं?

१. लॅपटॉपवर क्रोम किंवा एज
२. लॅपटॉपवर फायरफॉक्स
३. साधा अँड्रॉइड फोन, शक्यतो लहान स्क्रीनचा आणि थोडा जुना
४. कुणाचा तरी आयफोन, सफारीमध्ये
५. इन्स्टाग्रामच्या आत उघडलेली लिंक, कारण तिथे पेज त्या अ‍ॅपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं

क्रोममध्ये एफ१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की फोनच्या आकारात पेज दिसतं. पहिल्या नजरेसाठी हे उत्तम. पण तिथे फक्त आकार बदलतो, इंजिन क्रोमचंच राहतं. आयफोन नसेल तर नातेवाइकांना लिंक पाठवा आणि "छान आहे का?" असं न विचारता "पाव किलो चकलीची ऑर्डर देऊन बघा आणि स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवा" असं सांगा.

नेहमी सापडणाऱ्या चुका आणि उपाय

*अक्षरं मुंगीएवढी दिसतात.* पेजमध्ये व्ह्यूपोर्ट टॅग नाही. मग फोन पेजला सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजतो आणि आक्रसून दाखवतो. हेड भागात हा टॅग टाका, रुंदी डिव्हाइसइतकी ठेवा.

*दरपत्रकाचा उजवा रकाना कापला जातो.* उजव्या रकान्यात काय असतं? भाव! टेबलला किंवा फोटोला ९०० पिक्सेल अशी पक्की रुंदी दिली की असं होतं. टेबलची रुंदी टक्क्यांत द्या आणि फोटोची कमाल रुंदी १०० टक्के ठेवा.

*मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं.* मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि यूटीएफ-८ चा टॅग सगळ्यात वर ठेवा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून चिकटवू नका. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात.

*फोटो लॅपटॉपवर दिसतो, इंटरनेटवर नाही.* विंडोजला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, बहुतेक सर्व्हरना पडतो. फाईलचं नाव सगळीकडे लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा. आयफोनवर काढलेला फोटो एचईआयसी प्रकारचा असेल, तर नव्या सफारीत दिसेल, क्रोममध्ये नाही. तो जेपीजीमध्ये बदलून घ्या.

*नाव-पत्ता भरताना पेज एकदम मोठं होतं.* आयफोनवर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी आपोआप झूम करतं. अक्षरं १६ किंवा जास्त ठेवा.

*व्हॉट्सअ‍ॅपचं बटण नंबर शोधू शकत नाही.* लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करा. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. फोन करण्याच्या लिंकमध्ये मात्र +९१ ठेवा, म्हणजे परदेशातूनही फोन लागेल. हे सगळे अंक इंग्रजीतच टाइप करायचे बरं का!

दुरुस्ती करताना

सुरुवात डॉकटाइपपासून करा. पेजची पहिलीच ओळ ती हवी. ती नसेल तर ब्राउझर जुन्या पद्धतीने पेज मांडतो आणि मापं बिघडतात. मग डब्ल्यूथ्रीसीच्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये पेज टाका. न बंद केलेला टॅग तिथे लगेच सापडतो. जुनी प्रत बाजूला ठेवून एका वेळी एकच बदल करा आणि पाचही ठिकाणी पुन्हा बघा, कारण आयफोनवरचं दुखणं बरं करताना फायरफॉक्स बिघडू शकतं. बदल दिसतच नसेल तर कंट्रोल-एफ५ दाबा, बहुधा ब्राउझर साठवलेली जुनी प्रत दाखवत असतो.

आणि हो, सगळीकडे पेज हुबेहूब सारखं दिसलंच पाहिजे असा हट्ट नको. बटणाचा कोपरा एका ठिकाणी गोल, एका ठिकाणी चौकोनी दिसला तर चालेल. भाव वाचता येतो, फोटो दिसतो, ऑर्डर पोचते, या तीन गोष्टींत मात्र तडजोड नाही.

गृहपाठ: वहीत पाच ओळी आणि तीन रकाने आखा. ओळींत वरची पाच ठिकाणं, रकान्यांत भाव, फोटो, ऑर्डर. पंधराही चौकटींत बरोबरची खूण आली की लिंक बिनधास्त पाठवा!