मीठ, तुरटी, धुण्याचा सोडा : तिन्ही क्षारच, मग रंग वेगळे का?



आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार आणि पाणी तयार होते. या अभिक्रियेला आपण उदासिनीकरण म्हणतो. नाव ऐकून मुलं ठरवून टाकतात की प्रत्येक क्षार उदासीनच असणार. हा गैरसमज घरातल्या वस्तूंनी सहज दूर होतो.

साहित्य : लाल जास्वंदीच्या पाकळ्या, गरम पाणी, मीठ, तुरटी, धुण्याचा सोडा, चार काचेचे पेले.

कृती : पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंगीत पाणी गाळून घ्या. तीन पेल्यांत मीठ, तुरटी आणि सोडा वेगवेगळे विरघळवा. चौथ्यात नुसतं पाणी ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. चारही पेल्यांत जास्वंदीचं पाणी सारखंच घाला. सोड्याला मुलांनी हात लावू नये आणि कुठलंही द्रावण चाखू नये.

निरीक्षण : तुरटीचं पाणी गडद गुलाबी होतं, सोड्याचं हिरवं. मिठाचं मात्र साध्या पाण्यासारखंच दिसतं. इथे हळद चालणार नाही. ती सोड्यात लाल होईल, पण तुरटी आणि मिठात पिवळीच राहील.

असं का होतं? क्षार कोणापासून बनला ते पाहा.

१. मीठ : हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड, दोन्ही तीव्र. मिठाचे आयन पाण्याच्या वाटेला जात नाहीत. सामू ७ च्या आसपास राहतो.

२. धुण्याचा सोडा : आम्लारी तीव्र, पण कार्बोनिक आम्ल सौम्य. कार्बोनेट आयन पाण्यातले हायड्रोजन आयन ओढून घेतात. मागे हायड्रॉक्साइड आयन उरतात, म्हणून द्रावण आम्लारीधर्मी.

३. तुरटी : सल्फ्युरिक आम्ल तीव्र, ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड सौम्य. ॲल्युमिनिअमचे आयन पाण्याचे रेणू घट्ट धरतात आणि त्या रेणूंमधून हायड्रोजन आयन सुटतात. म्हणून द्रावण आम्लधर्मी.

थोडक्यात, दोघांत जो तीव्र, त्याचा गुण द्रावणात उतरतो.

आता मुलांना विचारा : नवसागर हाही क्षारच. तो हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियापासून बनतो. अमोनिया सौम्य आम्लारी आहे. मग जास्वंदीचा रंग कोणता होईल? उत्तर कारणासह आधी वहीत लिहून घ्या, मग प्रयोग करा. ‘गुलाबी’ हे उत्तर कारणासकट आलं, तर धडा समजला.

आणि वही तपासताना एखाद्याने ‘काही क्षारांची द्रावणे आम्लधर्मी असतात’ असं लिहिलं असेल, तर कृपया तिथे फुली मारू नका. ते मूल बरोबर आहे.