विजेचा हिशेब आणि शासनाचे धोरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. त्याच खात्याकडे वीज व पाटबंधारे हे विषय होते, ही बाब मात्र जयंतीच्या भाषणांतून क्वचितच कानी पडते. ऑक्टोबर 1943 मध्ये सार्वजनिक बांधकामे व वीजशक्ती यांविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेले प्रश्न आजही अभ्यासकाने प्रथम विचारावेत असेच आहेत. वीज शासनाच्या मालकीची असावी की खाजगी? खाजगी असल्यास लोकहितार्थ कोणत्या अटी घालाव्यात? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? स्वस्त विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांच्या विचाराचा क्रम होता.

आज सौर आणि पवन ऊर्जेच्या संदर्भात हेच प्रश्न नव्याने उभे आहेत. मात्र 'स्वस्त' हा शब्द फसवा आहे. निविदेतील दर, घरी येणारे बिल आणि सरकारी तिजोरीवरील भार हे तीन वेगळे हिशेब होत.

पवनचक्क्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर त्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. 1990 च्या दशकात पवनचक्कीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. अर्थात, सवलत मिळे ती चक्की उभारल्याबद्दल; ती किती वीज देते याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता. भरपूर नफा असलेल्या कंपन्यांना ही उत्तम करबचत वाटली यात नवल नाही. 2002 मध्ये हा घसारा 80 टक्क्यांवर आला आणि 2009 च्या अखेरीस केंद्राने निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देण्याची पर्यायी योजना आणली. पैसा कशासाठी दिला जातो यावर काय उभे राहते ते ठरते, हे कळावयास इतकी वर्षे जावी लागली.

ऊर्जाबचतीचे एक उदाहरण अधिक समाधानकारक आहे. 2014 च्या आरंभी सरकारी खरेदीत एलईडी दिव्याची किंमत सुमारे 310 रुपये होती. घाऊक निविदांमुळे 2017 पर्यंत ती 40 रुपयांच्या आत आली. 60 वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी 9 वॅटचा दिवा रोज पाच तास लावल्यास वर्षाकाठी सुमारे 93 युनिट वाचतात. युनिटला 5 रुपये धरले, तरी ही बचत 465 रुपयांची होते. एकरकमी पैसे नसलेल्या कुटुंबास दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोय होती. माझ्या मते या योजनेचे खरे शहाणपण त्या हप्त्यात होते.

छतावरील सौर संचांची गोष्ट निराळी. 2024 पासून तीन किलोवॅटच्या संचास केंद्राचे 78 हजार रुपये अनुदान मिळते. पण त्यासाठी स्वतःचे छत हवे. भाड्याच्या खोलीत वा झोपडीत राहणाऱ्याने काय करावे? शिवाय जास्त दर भरणारे ग्राहक स्वतःची वीज करू लागले की त्यांच्या बिलातून इतरांना मिळणारा आधार आटतो.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग कृषिपंपांचा आहे. शेतीच्या विजेचा तोटा उद्योग व व्यापारी ग्राहकांनी आणि शासनाने सोसावा, ही जुनी रीत. शेतकऱ्याला मात्र वीज मिळे रात्री. अंधारात पाणी देताना सर्पदंशाचे भय. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचा आरंभ झाला. गावालगतच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारल्याने वहनातील गळती घटते, दिवसा वीज मिळते आणि खरेदी युनिटला सुमारे 3 रुपयांनी होते. हिशेब चोख आहे. सायंकाळच्या मागणीला ही वीज पुरत नाही, त्यासाठी साठवणुकीचा खर्च वेगळा, एवढी एक उणीव.

परंतु जमिनीचे काय? एका मेगावॅटला साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते. खाजगी जमीनमालकास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते, तर सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. या सरकारी जमिनीत गायरानेही येतात. गायरान म्हटले की आपणांस कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे 1959 व 1964-65 चे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवल्यावाचून राहत नाहीत. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या गायरान कसून जगतात आणि त्यांच्या नावे सातबारा नसतो. जमीन गेल्यास भाडे नाही आणि मोबदलाही नाही. तीन रुपयांच्या त्या दरात हा खर्च कोठेही धरलेला नसतो. तो धरला तर वीज कदाचित काही पैशांनी महाग होईल. पण तेव्हाच तिला प्रामाणिक दर म्हणता येईल.

वीज कायदा 2003 नुसार दर ठरविण्यापूर्वी नियामक आयोगास जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. या सुनावण्यांत उद्योगांचे प्रतिनिधी तयारीनिशी येतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, अभियंते आहेत, सरपंचही आहेत. गायरानाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा तेथे कोण किती वर्षांपासून कसत आहे याची नोंद, पीकपाहणीचे उतारे आणि दंडाच्या जुन्या पावत्यांसह, त्यांनी लेखी सादर करावी.