सेरेब्रल पाल्सी : कारणे आणि आपली जबाबदारी

आठ-दहा महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन आई डॉक्टरांसमोर बसलेली असते. बाळ मान नीट धरत नाही, मुठी घट्ट मिटलेल्या असतात, उभे धरले की दोन्ही पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अशा वेळी आईचा पहिला प्रश्न बहुधा उपचारांविषयी नसतो. ‘‘डॉक्टर, माझ्या हातून काय चुकले?’’ असे ती विचारते. घरातील वडीलधारी मंडळी ग्रहण पाळले नाही म्हणून तिलाच बोल लावतात, तर वडील प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना दोष देतात. या दोषारोपांत मुलाचे मोलाचे महिने निघून जातात. म्हणूनच या विकाराची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय?

विकसित होत असलेल्या मेंदूला गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इजा झाल्यास, अथवा मेंदूची घडणच सदोष झाल्यास, हालचाल, स्नायूंचा ताण व शरीराचा तोल यांवर कायमचा परिणाम होतो. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा संसर्गजन्य रोग नव्हे. मेंदूतील मूळ इजा वाढत जात नाही. तिचे स्नायू व सांध्यांवरील परिणाम मात्र वयानुसार बदलतात. मूल एकदा शिकलेल्या गोष्टी विसरू लागले, तर मात्र वेगळ्या आजाराचा शोध घ्यावा.

सुमारे ऐंशी टक्के मुलांत स्नायू ताठर असतात. काहींत अनैच्छिक हालचाली, तर थोड्यांत तोल जाणे हे प्रमुख लक्षण असते. ढोबळमानाने तिघांपैकी एका मुलाला चालता येत नाही, चौघांपैकी एकाला फिट्स येतात आणि दोघांपैकी एकाला बौद्धिक अडचण असते. याचाच अर्थ, निम्म्या मुलांची बुद्धी शाबूत असते.

कारणांचा शोध

लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये या विकाराचा संबंध अवघड प्रसूती व श्वासावरोधाशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईड यांनी वेगळा विचार मांडला : अवघड प्रसूती हे कित्येकदा गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचे लक्षण असू शकते. त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९८६ मध्ये नेल्सन व एलेनबर्ग यांच्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले, की केवळ जन्मवेळच्या श्वासावरोधाने होणारी प्रकरणे अल्प असतात. आपल्या देशात मात्र लांबलेली प्रसूती व उशिरा रडलेले बाळ हे कारण अजूनही बरेच आढळते.

जन्मापूर्वीच्या कारणांत मेंदूच्या रचनेतील दोष, काही आनुवंशिक दोष, मातेला झालेला रुबेलासारखा संसर्ग, जुळी गर्भधारणा व गर्भाची खुंटलेली वाढ यांचा समावेश होतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म व अत्यंत कमी वजन ही फार महत्त्वाची कारणे होत. जन्मानंतर तीव्र कावीळ, मेंदूज्वर, रक्तातील साखर फार कमी होणे किंवा डोक्याला मार यांमुळेही ही अवस्था उद्भवते. अनेकदा एकाहून अधिक कारणे एकत्र आलेली असतात. काही वेळा निश्चित कारण सापडतच नाही. ग्रहणाचा मात्र यात काहीही संबंध नाही.

काय टाळता येते?

गरोदरपणाची नियमित तपासणी, सुसज्ज ठिकाणी प्रसूती, आर-एच निगेटिव्ह मातेस अँटी-डी इंजेक्शन आणि मुलींना गोवर-रुबेला लस हे उपाय आपल्या हाती आहेत. अपुऱ्या दिवसांची प्रसूती अटळ असल्यास मातेस वेळेवर दिलेले मॅग्नेशियम सल्फेट बाळाचा धोका कमी करते. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत नवजात बाळाची कावीळ दिसून येत नाही. म्हणून बाळाला दिवसाच्या उजेडात पाहावे व तळपायापर्यंत पिवळेपणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सुरतेतील मराठी कुटुंबांसाठी

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतील आपली अनेक कुटुंबे खानदेशातून आलेली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडे होते आणि बाळ दोन-तीन महिन्यांनी सुरतेस येते. कागदपत्रे मात्र तिकडेच राहतात. बाळ जन्मतः रडले का, किती आठवड्यांचे होते, वजन किती, काचेच्या पेटीत किती दिवस होते, काविळीचा आकडा किती, फिट्स आल्या का, ही माहिती निदानास अमूल्य असते. ती फाइल बाळासोबतच आणावी.

चार महिन्यांपर्यंत मान न धरणे, मुठी सतत मिटलेल्या असणे, नऊ महिन्यांपर्यंत न बसणे, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर, अंग फार ताठ किंवा फार सैल असणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘आमच्या घरात मुले उशिराच चालतात’ असे म्हणून थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. धोका असलेल्या बाळात आता सहा महिन्यांच्या आतही निदान शक्य आहे. नवी सिव्हिल व महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे बालरोग व फिजिओथेरपीची सोय आहे. ‘पूर्ण बरे करू’ अशी हमी देणाऱ्या महागड्या उपचारांपासून सावध राहावे. नियमित व्यायाम, योग्य आधारपट्ट्या, वाचा-उपचार, गरजेनुसार औषधे व शस्त्रक्रिया आणि शाळा यांनीच मूल पुढे जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढावे.

१९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत अशा मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना हाच विकार आहे. त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. प्रत्येक मूल तिथवर पोहोचेल असे नाही. परंतु प्रत्येकाला वेळेवर संधी मिळाली पाहिजे. त्यासाठी समोर बसलेल्या त्या आईला आपण डॉक्टरांनी प्रथम स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘‘बाई, यात तुमचा अपराध नाही. आजपासून आपण कामाला लागू.’’